घे बूट!

ठोक्याभाऊ संगणक दुरुस्त करायला यायचा तो भांडायला आल्यासारखा. लातूरला क्लासच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान. क्लासवाल्यांचे सराव-पेपर मी टाईप करून द्यायची. मशीन अडलं की हा दारातूनच ओरडणार, "आक्का, सरका बाजूला, आज याचा मुडदाच पाडतो!" आणि डब्यावर असा गुद्दा, की शेजारचा झेरॉक्सवाला पळत यायचा.

मी म्हणायची, "अरे, मारून काय होतंय?" तर म्हणे, "मारल्याबिगर इथं कोण ऐकून राहिलंय?" गुद्दा झाला की मात्र डब्याला कान लावून, श्वास धरून बसायचा. भूकंपात त्याच्या गावची घरं बसली, तेव्हा दगडावर पहार आपटायची नि आतून कुणी ओ देतं का ऐकायचं, हेच त्यानं केलं होतं. त्याच्या आईनं ओ दिली होती. हात पोचायच्या आधी ती ओ थांबली. एवढंच त्यानं सांगितलं. पुढं मी विचारलं नाही.

एकदा परीक्षेच्या आदल्या दुपारी मशीन उठेचना. हार्ड डिस्कवरून नाही, सीडीवरूनही नाही. पडद्यावर एकच ओळ, बूट करायला काही सापडत नाही. ठोक्यानं पायातला काढून हाणला, "घे बूट!" मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशीचा पेपर आत अडकलेला, आणि क्लासचे सर दोन माणसं घेऊन दारात. "पेपर काढ बाई, न्हाईतर दुकान फोडतो!" म्हणत त्यांनी प्रिंटर उचलून आपटलासुद्धा. मग माझा दंड धरला. ठोक्यानं सरांना असं कवटाळलं, की दोघं काचेच्या दारातून आरपार रस्त्यावर पडले. सर उठून पळाले, त्यांची माणसंही.

हा आत आला तो रक्त गाळत. डबा उघडला. दोन्ही ड्राइव्हना जाणारी एकच चपटी वायर निसटली होती. "माझाच परवाचा गुद्दा हाय हा, आक्का," म्हणाला आणि अंगठ्यानं हळूच दाबून बसवली. मशीन उठलं. पेपर मी शेजारी छापून वेळेत पाठवला. पोरांचा काय दोष? तोवर सरांच्या तक्रारीवरून पोलीस ठोक्याला घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी जामिनाला गेले. बाहेर आला, डोक्याला पट्टी, ओठ सुजलेला, आणि माझ्यावरच उखडला. "दुकानाला दार न्हाई, अन् तुम्ही इथं कशाला मरायला आलात? निघा!" तिथूनच तो भोकरला बहिणीकडं गेला, परत लातूरला आला नाही.

मी निघाले. वळून बघितलं नाही. आणखी ओरडला असता.