आईला न सांगितलेला निकाल

सुधाकर वाघमारे गेल्याचं कळलं तेव्हा आमची कंपनीची बस इथे परदेशात, जुरोंग आयलंड या तेल-रसायन कारखान्यांच्या बेटाच्या चेकपॉइंटवर उभी होती. त्याच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा, दोन शब्दांचा मेसेज. पास दाखवायला म्हणून हातात धरला होता, तो तसाच धरून मी खाली उतरलो आणि उलट्या दिशेला चालू लागलो... आज त्याला पाच आठवडे झाले.

नऊ वर्षं आम्ही त्या बसमध्ये शेजारी बसलो. मी पुण्याचा, तो नांदेडकडच्या एका खेड्यातला. सेफ्टी इंजिनियर. अपघाताचा अहवाल तो शेवटच्या पानापासून मागे वाचत जायचा. "आधी कुठला व्हॉल्व्ह उघडा राहिला, ते शोधायचं," म्हणायचा. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मतदानाच्या कायद्यातलं एक महत्त्वाचं संरक्षण काढून घेतलं, तेव्हाही तो असाच मागे मागे गेला. यादवी युद्धानंतर काळ्या लोकांना घटनादुरुस्तीनं मत मिळालं होतं. मग कोर्ट म्हणालं, ही दुरुस्ती कुणाला मत देत नाही, फक्त वंशावरून नाकारू नका एवढंच सांगते. "हा बघ व्हॉल्व्ह," सुधाकर म्हणाला. राज्यांनी वंशाचं नावच घेतलं नाही. वाचनाची परीक्षा लावली, कर लावला, आणि काळी माणसं मतदार यादीतून गेली.

त्याला हे इतकं का लागायचं, ते मला पुढच्या वर्षी कळलं. लोकसभेला मत द्यायला तो रजा टाकून गावी निघाला.

"एका मतासाठी एवढा प्रवास?" मी चिडवलं.

"एक नाही, दोन. आईला घेऊन जाणार आहे."

मग त्यानं सांगितलं. तो आठ वर्षांचा असताना आई ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेतल्या केंद्रावर गेली होती. टेबलावरचा माणूस म्हणाला, "बाई, तुमचं मत पडलंय, जा घरी." आईनं हात पुढे केला. "मंग माझ्या बोटाला शाई कुठाय?" सगळे हसले. सुधाकर तिचा पदर धरून उभा होता.

गेल्या वर्षी आजार निघाला आणि घरी बसायची वेळ आली, तेव्हा त्यानं एक जुना निकाल मराठीत आणायला घेतला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका काळ्या माणसाचा. त्याचं म्हणणं एवढंच, माझं नाव मतदार यादीत घाला. इथल्या बुकित बातोक भागातल्या फ्लॅटमधून दर रविवारी सुधाकर फोनवर ते आईला वाचून दाखवायचा. 'मताधिकारापासून वंचित' तिला कळेना. ती म्हणाली, "मत बुडवलं म्हण की." त्यानं सगळीकडे खोडून तेच लिहिलं, आणि मला हसत हसत दाखवलं.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्याच्या आईंना फोन केला. सांत्वनाचं काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "लेकरा, त्या बाप्याचं काय झालं? सुधा म्हणायचा, निकाल अजून यायचाय."

वहिनींनी मला त्या अनुवादाची फाईल दिली होती. ती शेवटपर्यंत पुरी होती, स्वच्छ अक्षरात. कोर्ट म्हणालं होतं, यादीच लबाडीची असेल तर तिच्यात तुझं नाव घालून आम्ही त्या लबाडीत कसे सामील होऊ? दाद राज्यकर्त्यांकडे माग. सुधाकरनं हे पान लिहिलं होतं, पण आईला वाचून दाखवलं नव्हतं. मीही क्षणभर विचार केला, खोटं सांगावं का...

"आई, तो हरला."



"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "तीन रविवार टाळत व्हता माझा सुधा. मला वाईट वाटंल म्हणून." मग म्हणाल्या, "हारला तर हारला. नाव मागाया गेला ना? वाच आता. कसा हारला, ते समदं नीट वाच."

मी पान उघडलं आणि सुधाकरच्या अक्षरातलं वाचू लागलो.