चित्रकलेचे डोळे

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? मनात आलं म्हणून. आणि हो, ऐकून माझ्यासाठी हळहळू नका.

देऊळगाव राजात एका सभागृहाच्या भिंतीवर चार बाया आहेत—संगीत, नृत्य, नाट्य, चित्रकला. चार कला, बाईच्या रूपात. खाली सही माझी. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, तालुक्यात नाव होतं. वीणा, घुंगरू, मुखवटा, चित्रकलेच्या हातातला कुंचला—सगळं जमलं. डोळे मात्र... आमच्यात डोळे शेवटी उघडतात, मूर्ती असो की चित्र. तीनदा काढले, तीनदा पुसले. शेवटी वैशालीला म्हटलं, बघ तुला जमतं का. माझी जुनी विद्यार्थिनी, रंग कालवायला यायची. तिने एका दुपारीत चौघींचे डोळे उघडले. भिंत बघायला लागली!

तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. घरी भाजीचा मळा, वडील राजी नव्हते. उद्घाटनाच्या सकाळी ते मला म्हणाले, "सर, चारचौघांत पोरीचं नाव निघालं, तं पाठवतो तिले. नाही तं स्थळ आलेलंच हाये." म्हणजे मला माहीत होतं. नीट ऐका—मला माहीत होतं.

पाहुण्यांनी माइकवरून विचारलं, हे डोळे कोणाच्या हातचे? वैशाली दुसऱ्या रांगेत, शेजारी वडील, धुतलेली टोपी घालून. मी म्हणालो, "माझ्या." टाळ्या पडल्या. वडील उठून गेले. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, दुसरबीडला.

घाबरलो होतो? छे. वय कोवळं होतं? पंचेचाळीस! मला त्या टाळ्या हव्या होत्या—आणि त्या गोड लागल्या.

पुढे कामं खूप आली. डोळे येत नव्हतेच, म्हणून माझ्या सगळ्या देव्यांच्या पापण्या मिटलेल्या. लोक म्हणतात, सरांची शैली! म्हणोत बापडे.

गेल्या वर्षी वैशाली बसस्टँडवर भेटली. वाकून नमस्कार केला, मग म्हणाली, "सर, तुमच्या बाया डोळे काऊन मिटून राह्यल्या?"

तिला कारण ठाऊक होतं. तरी विचारलं. खरं बोलायला याहून सोपी वेळ कुठली येणार होती?

मी म्हणालो, "ती माझी शैली आहे."

"हाव," ती म्हणाली आणि गाडीत चढली. मी तिच्या मागे गेलो नाही.