वन्संची तात्पुरती बाळंतपणं

आमच्या वन्संना एका दमात ‘नाही’ ऐकवू शकलेला माणूस मी तरी पाहिला नाही. समोरच्याचा ‘ना’ ओठावर येईपर्यंत त्यांचं ‘का न्हाई?’ तयार असे. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. नेसरीकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. शनिवारी त्या कोल्हापूरला घरी आल्या की गल्लीला लगेच कळायचं. दूधवाल्याला दुधातल्या पाण्याबद्दल, शेजाऱ्यांना उघड्या गटारीबद्दल आणि मामंजींना तंबाखूबद्दल जाब द्यावा लागे. एकदा एसटीच्या कंडक्टरनं दवाखान्यापाशी गाडी थांबवायला नकार दिला, तर या दारातच उभ्या राहिल्या. “विनंती थांबा हाय की! मी विनंती केली, आता तू थांबव.” विनंती इतक्या मोठ्यानं करतात हे त्या बिचाऱ्याला नवीन असावं. गाडी थांबली.

अशा बाईनं भूलतज्ज्ञ व्हायचं ठरवलं, तेव्हा आम्ही पदर तोंडाला लावून हसलो. रविवारी उजाडायच्या आत सगळ्या घराला उठवणारी बाई लोकांना झोपवणार! पण कारण कळलं आणि हसू जिरलं. अडलेल्या एका बाळंतिणीला वन्संनी स्वतः जीपमधून गडहिंग्लजला नेलं होतं. तिथं ऑपरेशन करणारे डॉक्टर हजर होते, पण भूल देणारं कुणी नव्हतं. मग जीप कोल्हापूरकडं निघाली. कागलच्या अलीकडंच ती बाई गेली. त्या शनिवारी वन्सं घरी आल्या, पण कुणावर ओरडल्या नाहीत.

पुढच्या शिक्षणासाठी सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांना थोड्या जागा राखीव असत. अट होती खेड्यातल्या तीन वर्षांच्या सेवेची. वन्संची चार झाली होती, परीक्षेत नंबरही वर लागला होता. तरी उत्तर आलं, अपात्र! पहिली दोन वर्षं नेमणूक तात्पुरती, म्हणून ती धरायची नाहीत. वन्सं तडक आरोग्य खात्याच्या कचेरीत गेल्या, सोबत मी.

“बाई, ती सेवा तात्पुरती होती,” साहेब समजुतीनं म्हणाले.

“मग त्या दोन वर्सांतली बाळंतपणं बी तात्पुरती धरायची का, साहेब? पोरं काय परत घेणार?”

साहेबांनी घाईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता.

मग मुंबईच्या फेऱ्यांवर फेऱ्या आणि हायकोर्ट. आज वकील नाहीत, उद्या कागद नाहीत, परवा सुट्टी. मध्येच एका डॉक्टरचं स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला होता, वन्संनाही आवडलेला दिसला. पण पोहे खाता खाता तो म्हणाला, “लग्नाआधी केस तेवढी मागं घ्या. सरकारशी वैर कशाला?” वन्संनी त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. “पोटभर खावा, पावणं, आणि मग निघा.” मामंजी कपाळाला हात लावून बसले. “आबा, मी दमलो न्हाई अजून,” त्या म्हणाल्या, “तुमी का दमताय?”

शेवटी वकिलांनी बाळंतपणांचा तोच प्रश्न जरा सोवळ्या भाषेत न्यायाधीशांपुढं ठेवला आणि निकाल वन्संच्या बाजूनं लागला. तात्पुरती सेवाही सेवाच, ती धरली पाहिजे. पण तोवर त्या वर्षीच्या जागा भरून वर्ग सुरू झाले होते. शिकायला बसलेल्याला उठवायला कोर्ट तयार नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची.

“तुमचं वर्ष गेलं की हो,” मी म्हटलं.

“गेलं. पण माझ्यामागनं येणाऱ्यांचं न्हाई जायचं.” आणि त्या अभ्यासाला बसल्या.

पुढच्या वर्षी त्यांना जागा मिळाली. त्यांच्यासारख्याच अडकलेल्या आणखी दोघींनाही मिळाली. शिकून झाल्यावर वन्सं नेमणूक मागून घेऊन गडहिंग्लजलाच गेल्या. लग्न राहिलं ते राहिलंच.

आता मी तिकडं गेले की बहुतेक वेळा खोलीला कुलूप असतं; त्या ऑपरेशनला गेलेल्या असतात. मी पायरीवर बसून राहते. उन्हं कलताना त्या येतात, केस अर्धे पिकलेले, पाय ओढत. “कवा आलीस गं?” म्हणतात, आणि कुलूप न उघडता माझ्याशेजारीच टेकतात.