मिक्सर टेस्ट मी केली नव्हती

आपटे सर गेले. आणि ज्या चुकीसाठी त्यांना कंपनी सोडावी लागली, ती चूक माझी होती.

काल जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर बातमी आली. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.
मध्येच एकाने लिहिलं, "हुशार माणूस. पण शेवटी त्या एका लॉटने घात केला."

त्या लॉटबद्दलच बोलायचंय.

यवतमाळहून पुण्यात आले तेव्हा सिंहगड रोडवरच्या एका छोट्या कंपनीत लागले. ती कंपनी सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांसाठी कंट्रोलर बनवायची. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. त्यातल्या चिपचा प्रोग्राम मी लिहायचे, सर तपासायचे.

सगळं ऑफिस मला "ए ढोले" म्हणायचं. सर एकटेच "अहो ढोले". त्यांच्या निम्म्या वयाची होते मी.

मोटर चालू होताना व्होल्टेज एकदम खाली येतं. चिप नेमकी तेव्हा मेमरीत काही लिहीत असेल, तर भलतंच लिहून बसते. कधी स्वतःचाच प्रोग्राम बिघडवते, मग बोर्ड कायमचा गप्प. म्हणून व्होल्टेज पडलं की चिपने काम थांबवून स्वतःला रिसेटमध्ये धरून ठेवायचं आणि ते सावरलं की नव्याने सुरू व्हायचं, अशी प्रोग्राममध्ये एक सेटिंग असते. ब्राउन-आउट म्हणतात तिला.

"अर्धवट शुद्धीतल्या माणसाकडून कोणी सही घेतं का? मग चिपकडून कशाला लिहून घेताय?" हे सरांचं.

टेबलावरच्या पॉवर सप्लायवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.
"अहो ढोले, हा सप्लाय स्वर्गातला आहे. आपल्या गिऱ्हाइकांना अजून तिथे जायचं नाहीये."

म्हणून त्यांनी घरचा जुना मिक्सर आणला. एकाच एक्स्टेन्शनवर आपला बोर्ड आणि मिक्सर. बोर्ड मेमरीत लिहीत असताना मिक्सर चालू-बंद, चालू-बंद, दोनशे वेळा. तो पास झाला तरच माल बाहेर.
आणि रिकामा कशाला फिरवायचा म्हणून त्यात भाजलेले दाणे. संध्याकाळी सर कुटाचा डबा घेऊन धायरीला घरी. एकटेच राहायचे.

ऑफिस हसायचं. मलाही लाज वाटायची, खरं सांगते.

एकदा तक्रारी आल्या की मोटर चालू झाली की कंट्रोलर रिस्टार्ट होतो. सेल्सवाले डोक्यावर बसले. मी प्रोबेशनवर होते.
रिस्टार्ट त्या सेटिंगमुळेच होत होते, म्हणून मी प्रोग्राममधली ब्राउन-आउटची ओळच काढून टाकली. रिस्टार्ट थांबले. स्वर्गातल्या सप्लायवर सगळं छान चाललं.

सरांनी विचारलं, "मिक्सर झाला?"
मी म्हणाले, "हो सर."
त्यांनी सही केली.

महिन्याभरात वाघोलीकडच्या सोसायट्यांमधून फोन सुरू झाले. कंट्रोलर मेलेत, टाक्या कोरड्या, माणसं बादल्या घेऊन जिने चढतायत.

मीटिंगमध्ये साहेबांनी कागद आपटला. "हे पास कोणी केलं?"
सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.
"सही माझी आहे," सर म्हणाले.

रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं असताना त्यांनी राजीनामा दिला. जाताना मिक्सर बगलेत मारून गेले. मी गेटपर्यंतसुद्धा गेले नाही.

त्यानंतर धायरीत लाईट गेली की त्यांचा मेसेज यायचा. "लाईट गेली. तुमच्याकडे?" बस, एवढंच.
सुरुवातीला मी उत्तर द्यायचे. मग कमी. मग नाहीच. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ते एक बोलावं लागलं असतं.
मी आता राहते त्या वाघोलीहून धायरी म्हणजे परगावच, असं स्वतःला सांगत राहिले.

शेवटचा मेसेज मागच्या महिन्यातला. मी वाचला होता. त्यांना निळ्या टिक्स दिसल्याच असणार.

आज सकाळी धायरीला गेले. त्यांच्या भावाने दार उघडलं. बाल्कनीत भिंतीवर आमचाच कंट्रोलर, लेबलवर त्याच लॉटचा नंबर. दिवा हिरवा. खाली स्टुलावर मिक्सर.

मी बघत उभी राहिले तेव्हा भाऊ म्हणाले, "ते बिघडलेलं आणून त्याने स्वतः नीट केलं. काढायचं नाही म्हणायचा. ऑफिसात कोणी ढोले म्हणून होत्या, त्यांचं काम आहे. एका ओळीचीच चूक होती, बाकी उत्तम, म्हणायचा."

त्यांना सगळं माहीत होतं. कुठली ओळ, तेसुद्धा.

"तुम्ही कोण?" भावाने विचारलं.
"ऑफिसमधली," मी म्हणाले.
मी ढोले आहे हे मला तिथेही सांगता आलं नाही. चहा प्यायले आणि निघाले.

म्हणून इथे लिहितेय. ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचा.
ती ओळ मी काढली. मिक्सर टेस्ट मी केली नव्हती, केली असं खोटं सांगितलं. आपटे सरांनी आयुष्यात एकच चूक केली, माझ्या शब्दावर सही केली.

हे लिहिताना इकडे अंधार आहे. अर्धा तास झाला. फोन हातातच आहे आणि कोणी काही विचारत नाहीये.

सर, उत्तर द्यायला उशीर झाला.
आमच्याकडेही गेलीये.

नमस्कार.
तुमची, ढोले