उंबऱ्याशी बसणारी

सावली गावच्या वाचनालयात दर रविवारी मी कादंबरीचं एक प्रकरण मोठ्याने वाचते. ऐकायला येणाऱ्यांत तलावातली मासळी विकणारी एक बाई आहे. रिकामी टोपली कडुलिंबाखाली ठेवते आणि कितीही बोलावलं तरी उंबऱ्याशीच बसते. "मासोळीचा वास येते, बाई." पण तिथूनच कादंबरीतल्या माणसांना दटावते, "काऊन जाऊन राह्यली तिकडे? थांब ना!" बाकीचे वैतागतात, मी नाही. घरी जाऊन ती सगळं प्रकरण अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांगते.

शेवटच्या प्रकरणात कादंबरीतली पोरगी तापाने गेली. मासळीवाली टोपली उचलून निघून गेली. पुढच्या रविवारी मी नवं पुस्तक सुरू केलं. वाचन संपल्यावर ती थांबली.

"सासूले म्या सांगतलंच नाई, बाई. रोज इचारते, पोरगी कशी हाये? म्या म्हणलं, ताप उतरला. आता पुढं काय सांगू?"

आम्ही दोघी पायरीवर बसलो. तेव्हापासून दर रविवारी बसतो. पोरीचं लग्न झालं, आता तिला दिवस गेलेत. सासू हल्ली फारसं जेवत नाही. पण बाळाचं नाव तिलाच ठेवायचंय, म्हणून आम्ही बाळंतपणाची घाई करत नाही.