सांध्यावरची राख

माझे सासरे नळाचे फिटर. मला बघायला बेलापूरला आले, तेव्हा त्यांनी आधी आमच्या अंगणातला नळ बघितला, मग मला. नळाच्या सांध्यावर कुणीतरी बोटभर जाडीचा सफेद्याचा पांढरा लेप थापला होता. "आत आट्यांवर ताग नीट गुंडाळला न्हाई की बाहेरनं असा मुलामा लागतो," म्हणाले. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे मी पसंत होते.

लग्न होऊन श्रीरामपुरात आले. सासूबाई नव्हत्या, नवरा कारखान्यात पाळीवर. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. पाइप बसला म्हणून मामंजी कधी काम झालं म्हणत नसत. सांधा फडक्यानं कोरडा करायचा, त्यावर चुलीतली राख फासायची आणि दुसऱ्या दिवशी पाणी येऊन गेलं की बघायचं. राख भिजून काळी पडली तर सांधा पुन्हा उकलायचा. "काम कसं झालं ते वाहत्या पान्याला इचारावं, फिटरला न्हाई," असं त्यांचं म्हणणं. गल्लीत त्यांच्या शब्दाला मान होता आणि मला त्या मानाचा तोरा होता, खोटं कशाला सांगू.

दुष्काळाच्या साली त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. सहा महिने तेल, शेक झाले. बोटं जरा वळायला लागली, तसा एके संध्याकाळी त्यांनी आमच्याच नळाचा सांधा उकलून पुन्हा बसवला. घामाघूम झाले. राख फासून मला म्हणाले, "उद्या ही कोरडी राहिली तर कामाला लागतो. भिजली तर पाना कुनालातरी देऊन टाकतो. हात गेला म्हनायचा."

सकाळी पाणी जेमतेम अर्धा तास यायचं. ते येऊन गेल्यावर मी वाकून बघितलं, तर खालच्या अंगाची राख काळीशार. इतक्यात आतून त्यांच्या काठीचा आवाज आला. वर्षभरापूर्वी घरात आलेल्या सुनेनं सासऱ्याला तोंडावर कसं सांगायचं, की तुमचा हात गेला? मी पदरानं सांधा पुसला आणि भांड्यांसाठी घेतलेली राख त्याला फासली.

"व्हय की! कोरडी हाय," मामंजी म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, मी पुण्यच केलं.

आठवड्यानं एका गुरुजींच्या घरून बोलावणं आलं. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली. पाण्याच्या टाकीच्या बुडाशी पाइप गंजला होता, तिथं मामंजींनी नवा बसवला. मी डबा घेऊन गेले होते, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. टँकरवाल्यानं टाकी भरली आणि सांधा सुटला. मामंजी दोन्ही हातांनी पाइप दाबून धरत होते, उजवा हात सारखा निसटत होता. गल्लीतल्या बाया त्यांच्या पायाशी बसून चिखलातलं पाणी वाट्यांनी कळशीत भरत होत्या. बघता बघता टाकी रिकामी झाली. आत दहा दिवसांची बाळंतीण होती.

"असू द्या, लोखंडच जुनं होतं," गुरुजी म्हणाले. ते नवं होतं हे सगळ्यांना दिसत होतं.

घरी आल्यावर मामंजी ओट्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो घेतला नाही.

"सूनबाई, त्या दिशी राख खरंच कोरडी हुती का?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

"खरं सांगितलं असतंस पोरी," ते म्हणाले, "तर लोकाचं पानी तरी वाचलं असतं. मी आपला घरातल्या घरात हरलो असतो."