मेथीची आरोळी

आमच्या शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात आजाराचं नाव पेशंट सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. मीही बायकोची फाईल आठवडाभर स्वतःच्या काखेत दाबून हिंडत होतो. "साधी गाठ आहे," एवढंच तिला सांगितलं होतं.

त्या दिवशी आम्हा दोघांच्या समोरच्या बाकावर एक जोडपं होतं. बजाजनगरात हातगाड्यावर भाजी विकतात, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं होतं. डॉक्टरांनी त्या बाईला एकटीलाच आत बोलावलं. ती बाहेर आली, पदर खोचला आणि नवऱ्यापुढं उकिडवी बसून सरळ म्हणाली, "अवो, गळ्याचा कॅन्सर हाय. आपरेशन केलं तर जगताल, पण आवाज जाईल. डॉक्टर मलाच इचारत व्हते. म्या म्हणलं, गळा त्यांचा हाय, त्यांनाच इचारते."

 तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मंग आरोळी कोण देणार?"

"मी देते की."

आणि तिनं तिथंच दिली. "मेथी घ्या, शेपू घ्याऽ!" सगळा व्हरांडा वळून पाहू लागला. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि तळहात हळूहळू वर नेला. शेवट आणखी लांबवायला हवा होता. तिनं पुन्हा आरोळी दिली. तिसऱ्या वेळी त्याचा हात खाली आला. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला त्यानं पेन मागितलं.

एवढी मोठी गोष्ट नवरा-बायकोनं अशी मोकळ्या आवाजात ठरवलेली मी कधी पाहिली नव्हती. मी काखेतली फाईल काढली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली.